कष्टी कोण?

शास्त्रपाठ : मत्तय ११ : २८–३०, लूक ५ : १–११, योहान ४ : १–३०



गेल्या हिवाळ्यात अलिबागेच्या दक्षिणेस, समुद्रकाठच्या एका लहानशा मंडळीत आम्ही उपासनेकरिता गेलो होतो. मंडळी ती केवढी, तर सहा घरांची. उपासना एका घराच्या ओटीवर. कंदिलाच्या जागी विजेचा दिवा आला आहे, एवढाच काय तो जुन्या काळाहून फरक. प्रभूचे जे आमंत्रण आपणां सर्वांस तोंडपाठ आहे, मत्तयाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटचे, ते आम्ही वाचिले आणि त्यावर बोललो. ज्यांच्या घरी आजार आहे, ज्यांचे कोणी माणूस गेले आहे, ज्यांचे मन खचले आहे, अशा कष्टी जनांस प्रभु आपल्याकडे बोलावतो, असे आमचे निरूपण झाले. वीस वर्षे आम्ही ह्या वचनावर असेच बोलत आलो आहो. बहुधा आजाऱ्याच्या खाटेशी, किंवा मूठमाती दिल्यावर.

उपासना आटोपल्यावर साठी उलटलेली एक बहीण मागे राहिली. ही बाई पहाटे बंदरावर मासळी घेते आणि पाटी डोकीवर घेऊन आतल्या तीन गावांत फिरून विकते. नवरा जाऊन पुष्कळ वर्षे झाली; मुलगा बोटीवर खलाशी आहे. ती म्हणाली, “पाळकसाहेब, एक इचारू? मी कष्टी नाय. कष्ट करते, पन कष्टी नाय. देवानं पोटाला दिलंय, पोर सुखात हाय. मंग ह्या बोलावण्यात माझं नाव हाय का नाय?”

आम्ही हसून म्हटले, बाई, अंतःकरणात दुःख कोणास नाही? ती काही बोलली नाही. पदर सावरून निघून गेली. परतीच्या एस.टी.त बसल्यावर आम्हांस उमगले की, आम्ही तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते. आमच्या प्रवचनात तिला जागा व्हावी म्हणून आम्ही त्या समाधानी बाईस दुःखी ठरवू पाहिले होते. ही गोष्ट मनास लागली. त्या रात्री आम्ही पुस्तके काढून बसलो, आणि ‘कष्ट’ ह्या एका शब्दाचा माग काढीत गेलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवितो.

हा शब्द मूळचा संस्कृत. कष् म्हणजे घासणे, खरवडणे. सोने घासून पाहण्याच्या दगडास कष किंवा निकष म्हणतात तो ह्याच धातूवरून. पाणिनीने ‘कष्ट’ ह्या रूपाकरिता एक निराळे सूत्र केले असून त्यात त्याचे दोन अर्थ दिले आहेत : एक पीडा, दुसरा जेथे शिरणे कठीण असे गहन स्थळ. अरण्य कष्ट असते, पर्वत कष्ट असतो, तो ह्या दुसऱ्या अर्थाने. पहिल्या अर्थाचे उदाहरण देताना काशिकावृत्तीचे कर्ते व्याकरणासच कष्ट म्हणतात! सेमिनरीत ग्रीक क्रियापदांची रूपे घोकताना आमच्याही मनात हेच उदाहरण आले असते, परंतु तेव्हा ते आम्हांस ठाऊक नव्हते.

संस्कृत नाटकांत हा शब्द बहुतकरून उद्गार होऊन येतो. मोठ्या माणसावर मोठा प्रसंग आला म्हणजे त्याच्या तोंडून ‘कष्टम्’ निघते, जसे आपण ‘अरेरे’ म्हणतो. आपल्याच विदर्भातील म्हणून मानल्या गेलेल्या भवभूतीच्या उत्तररामचरितात, पहिल्याच अंकात, सीतेचा त्याग करण्याचा निश्चय झाल्यावर रामाच्या मुखी हा शब्द आहे. तेथे सीता झोपलेली आहे आणि राजा विलाप करीत आहे. पुढे अरण्यात जे सोसावयाचे ते तिने सोसावयाचे. पण शब्द मात्र राजाचा. ह्यात भवभूतीस दोष देण्याचा आमचा हेतु नाही. रामाच्या दुःखाचे खरेपण जितके त्याने ओळखिले तितके फार थोड्यांनी ओळखिले असेल. आम्ही इतकेच दाखवितो की, त्या वाङ्मयात कष्ट ही माणसावर येऊन पडणारी गोष्ट आहे. ती कोणी ‘करीत’ नाही.

मराठीत मात्र कष्ट करितात. कष्ट पडतात, कष्ट होतात, हे तर आहेच. पण कष्ट करावयाचे असतात, घ्यावयाचे असतात, उपसावयाचे असतात. कष्टाची भाकरी असते आणि ती गोड असते. राजवाड्यातील विलापाचा शब्द आमच्या शेतात, बंदरावर, जात्यापाशी आला आणि कामाचा शब्द झाला. आमच्या पूर्वजांनी हे ठरवून केले नसेल. ज्यांचे काम हीच पीडा होती आणि ज्यांस पीडेमुळे काम थांबविता येत नव्हते, अशा लोकांच्या तोंडी तो शब्द शतकानुशतके राहिला. दोन अर्थ एकमेकांत मिसळून गेले.

आमच्याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या शिवथरघळीत, समर्थ रामदासांनी दासबोध लिहिला अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात जन्मापासूनच्या दुःखांचे आणि तीन तापांचे वर्णन इतके सविस्तर आहे की वाचणारा घाबरून जावा. परंतु अठराव्या दशकात तोच कर्ता बजावून सांगतो की फळ हवे तरी कष्ट, राज्य हवे तरी कष्टच. तेथे कष्ट ही हाय हाय करण्याची गोष्ट उरलेली नाही. ती अंगी लावून घेण्याची गोष्ट आहे. ह्या भूमीचा हा मोठा उपदेश आहे, आणि तो आम्ही मान लववून ऐकतो. पण एक शंका राहते. ज्याने आयुष्यभर कष्टच केले आणि ज्याच्या हाती फळही आले नाही व राज्य तर नाहीच, त्याने काय करावे?

जनाबाईच्या नावावर चालत आलेल्या अभंगांत ह्या शंकेचे एक उत्तर आहे. तेथे विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेण्या वेचतो. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या त्या दासीने देवापाशी राज्य मागितले नाही; त्याने आपल्या जात्याच्या खुंट्याला हात लावावा, एवढेच तिच्या मनात होते. आम्ही सेमिनरीत असताना अशा अभंगांकडे केवळ काव्य म्हणून पाहिले. आता चाळिशी उलटल्यावर आम्हांस वाटते की, ती भूक ओळखल्यावाचून शुभवर्तमान सांगू जाणे म्हणजे दाराबाहेरून हाका मारणे होय.

आता शास्त्राकडे वळू. जुन्या कराराच्या इब्री भाषेत ‘आमाल’ म्हणून एक शब्द आहे. त्याचा अर्थ श्रमही होतो आणि दुःखही. अगदी आपल्या कष्टासारखा. ईयोबाच्या पुस्तकात मनुष्य ज्याकरिता जन्मतो असे म्हटले आहे तो आमाल. सूर्याखाली केलेल्या ज्या खटपटीचा लाभ काय म्हणून उपदेशक विचारतो तोही आमालच. मिसर देशी योसेफाने आपल्या पहिल्या मुलाचे नाव मनश्शे ठेविले, कारण देवाने त्यास आपल्या सर्व आमालाचा विसर पाडिला. त्यात खड्डा, दास्य आणि बंदिवास सर्व आले. त्याने केलेले आणि त्याने सोसलेले ह्यांचे वेगळे हिशेब त्या शब्दात नाहीत.

नव्या करारातील शब्द ‘कोपोस’. तो मारणे, ठोकणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. अंगावर मार बसावा तसा जो शीण येतो तो कोपोस. आमचे लोक भाताची लावणी करून घरी आले म्हणजे अंग ठेचून निघाले म्हणतात, तेच हे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभु ज्यांस बोलावतो त्यांच्याकरिता ह्याच धातूचे क्रियापद आहे. जे राबून राबून दमले आहेत ते, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या मराठी शास्त्रात तेथे ‘कष्टी’ हा शब्द आहे, आणि तो चुकीचा नाही. ज्यांनी तो योजिला त्यांच्या कानी त्यात श्रमाचाही ध्वनि असावा असा आमचा तर्क आहे. परंतु बोलण्यात शब्दांच्या वाटण्या होतात. राबण्याचा अर्थ ‘कष्टकरी’ आणि ‘कष्टाळू’ ह्यांच्या वाट्यास गेला, आणि ‘कष्टी’ ह्याच्या पदरी केवळ खिन्नता उरली. त्यामुळे ती मासळीवाली बहीण म्हणाली ते आजच्या मराठीप्रमाणे बरोबरच होते. चूक आमची होती. आम्ही वीस वर्षे शब्द वाचला आणि माणसे वगळली.

जेथे जेथे हे क्रियापद आहे तेथे तेथे आम्ही त्या रात्री बोट ठेवून पाहिले. लूकाच्या पाचव्या अध्यायात पेत्र प्रभूस सांगतो की रात्रभर खपूनही जाळ्यात काही आले नाही. तेथे हेच क्रियापद. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस त्याचा अर्थ सांगावयास नको. डिझेल जळले, बर्फ विरघळले, खलाशांस द्यावयाचे ते द्यावयाचेच, आणि जाळ्यात कचरा आला. अशी पहाट ज्याने पाहिली आहे त्यास पेत्राचा आवाज ओळखू येतो. प्रभूने त्या वेळी पेत्रास श्रमाचे महत्त्व सांगितले नाही. तो त्याच्या मचव्यात चढून बसला होता.

योहानाच्या चौथ्या अध्यायात हेच क्रियापद खुद्द प्रभूविषयी आहे. दुपारची वेळ, चालून चालून तो दमलेला, आणि याकोबाच्या विहिरीवर तसाच बसला. मराठीत तेथे दमणे म्हटले आहे, व ते योग्यच आहे. पण त्यामुळे धागा दिसत नाही. दमलेल्यांनो या असे जो म्हणतो, तोच शब्द त्याच्या अंगाविषयी शास्त्राने वापरिला आहे. तो सुताराचे काम करी, हे मार्क आपणांस सांगतो. त्या विहिरीवर तो कोणाशी बोलतो? डोकीवर पाणी वाहणाऱ्या एका बाईशी. आणि तिच्याशी प्रथम काय बोलतो? काही शिकवीत नाही. प्यावयास पाणी मागतो. बोलणे संपल्यावर ती बाई आपली घागर तेथेच ठेवून गावात गेली, हे लिहिण्यास योहान विसरला नाही.

रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय आपण बहुधा नुसती नावे म्हणून सोडून देतो. त्यात पौलाने हे क्रियापद चौघांसंबंधी वापरिले आहे : मरीया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस. चौघीही बायका. त्या अध्यायात पुरुषांची नावे पुष्कळ आहेत, पण हा शब्द त्यांच्यापैकी एकासही लाविलेला नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात मंडळीच्या पुढाऱ्यांविषयी हाच शब्द आहे. तेथे आम्ही पाळकांनी थांबावे. खुर्चीवर बसून चहा घेत आम्ही आमच्या सेवेच्या श्रमांविषयी बोलतो, तेव्हा तो शब्द आम्ही कोणाच्या पाटीतून उचलला आहे ह्याची आम्हांस आठवण असावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कष्टाचे गोडवे जे गातात त्यांपैकी पुष्कळ लोक स्वतः कष्ट करीत नसतात. दुसऱ्याने राबावे आणि त्यातच धन्यता मानावी, असा उपदेश धर्माच्या नावाने ह्या देशात झाला आहे, आणि ख्रिस्ती व्यासपीठेही त्यापासून सर्वस्वी मुक्त राहिली असे आम्हांस म्हणवत नाही. पौलाने तीमथ्याला दुसऱ्या पत्रात लिहिले आहे की, कष्ट करणाऱ्या शेतकऱ्यास पिकाचा वाटा सर्वांआधी मिळाला पाहिजे. तेथेही तोच शब्द. अलिबाग तालुक्यातील चरी गावाचे नाव वाचकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. १९३३ साली त्या भागातील कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. समुद्राचे पाणी बांध घालून अडवावे, उधाणाने खांड पडली की रात्री मातीचे ढेकळे टाकून ती बुजवावी, खाऱ्या जमिनीतून भात काढावे, आणि खळ्यावर पिकाचा मोठा वाटा खोताने न्यावा, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले होते. संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, चालला. जमिनी पडून राहिल्या, घरोघरी उपासमार झाली, पण लोक फुटले नाहीत. डॉक्टर आंबेडकर ह्यांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करण्याचे विधेयक मांडिले. खोती कायद्याने जाण्यास १९४९ साल उजाडावे लागले. त्या कुळांपैकी कितीजणांनी पौलाचे पत्र वाचिले असेल? बहुधा कोणीही नाही. पण त्या पत्रातील ते वाक्य ह्या जिल्ह्यात कोणी खरे करून दाखविले असेल तर त्यांनी.

मग दुःखी जनांचे काय? जे खरोखर शोकात आहेत त्यांस हे आमंत्रण नाही काय? आहेच, आणि तेही ह्याच शब्दामुळे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग येथील नारळी-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. त्यानंतर आम्ही एका वाडीत गेलो. धनी पडलेल्या पोफळीवर बसला होता. ती झाडे त्याच्या बापाने लाविली होती आणि त्याने स्वतः शिंपून वाढविली होती. तो काय रडत होता, गेलेल्या पैशाकरिता, का बापाकरिता, का स्वतःच्या वाकलेल्या पाठीकरिता? त्याचे कष्ट गेले असे तो म्हणाला, आणि आम्हांस त्याहून नेमका शब्द सुचला नाही. श्रम आणि शोक ह्यांची वाटणी तेथे कोणास करिता आली नसती.

यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात, जेथे प्रभूच्या सेवकाने आमचे क्लेश वाहिले असे म्हटले आहे, तेथे अकराव्या वचनात इब्री भाषेत तोच शब्द आहे : आमाल. आपल्या जिवाच्या आमालाचे फळ तो पाहील आणि तृप्त होईल, असा भाव आहे. वधस्तंभाविषयी आपण नेहमी दुःखसहन म्हणून बोलतो. यशया त्यास कष्टही म्हणतो. तेथे प्रभूवर केवळ काही येऊन पडले नाही. त्याने ते काम म्हणून अंगावर घेतले आणि पुरे केले. आणि त्याच्या कष्टाचे फळ दुसऱ्या कोणी खळ्यावरून उचलून नेले नाही. ते त्याने पाहिले. रामदासांच्या वचनाने आमच्या मनात जी शंका उठली होती, ती येथे येऊन थांबते.

तो देऊ करितो तो विसावा. हाही शब्द आपला घरचा आहे. पालखी वाटेत थांबते त्या जागेस विसावा म्हणतात; प्रेत नेताना तिरडी खाली टेकवितात तेथेही विसावाच. म्हणजे विसावा ही वाट संपल्याची जागा नव्हे. वाटेवरच ओझे उतरविण्याची ती जागा आहे. म्हणून तर प्रभु लगेच पुढे जुवाची गोष्ट काढतो. आमच्या ह्याच किनाऱ्यावर, नवगावाजवळ गलबत फुटून वाचलेल्या लोकांचे आपण वंशज आहो, असे बेने इस्राएल सांगत आले आहेत. अनेक शतके त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे चालविले. त्यांचे ग्रंथ हरवले होते, भाषा मराठी झाली होती, पण शनिवारी घाणा बंद. गावकऱ्यांनी त्यांस नाव दिले शनवार तेली. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएल देशी गेले. अलिबागेत त्यांचे सभास्थान आजही आहे. गावात दुसरेही तेली होतेच. हे ओळखले जात ते त्यांचा बैल ज्या दिवशी उभा राही त्या दिवसावरून. शास्त्राचे पुस्तक हाती नसताना ज्यांनी हा एक दिवस सांभाळिला, त्यांच्याविषयी आम्हांस मोठा आदर वाटतो. शास्त्र हाती असूनही आम्ही आमच्या मंडळीतील राबणाऱ्या बायकांस रविवारी उपासनेनंतर चुलीपाशीच पाठवितो!

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. मुद्दाम सकाळी गेलो. ती बहीण बंदराहून येणाऱ्या वाटेवर भेटली. पाटी खाली ठेवून चुंबळ नीट करीत होती. पाटीत मांदेली आणि थोडे बोंबील होते. आम्ही उभ्या उभ्याच तिला सांगितले की, त्या दिवशी आमचे चुकले. त्या बोलावण्यात तुमचे नाव आहे, आणि ते दुःखाकरिता नव्हे, ह्या पाटीकरिता आहे. विहिरीची गोष्टही सांगितली, पेत्राच्या रिकाम्या जाळ्याचीही सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “म्हंजी तो पन दमून बसला व्हता.”

आम्ही म्हटले, होय.

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. आणि चुंबळ डोकीवर ठेवून खाली वाकली. “जरा हात लावा पाळकसाहेब, एकटीला उचलत नाय.”

आम्ही पाटीस हात लाविला. आम्हांस वाटली होती त्याहून ती पुष्कळ जड निघाली.